कृष्णाआत्याचा दहावा

विचुंब्याच्या दमयंतीने गुरुवारी सकाळी, नवऱ्याच्या हातात चहाचा कप देता देता, आपल्या सख्ख्या आत्याला मारून टाकलं.

“अवो, कृष्णाआत्या गेली,” ती म्हणाली. “शनवारीच गेली. आपल्याला आता कललां.”

काशिरामने कप खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि “अरेरे, चांगली बाय व्हती,” असं म्हणाला. त्या बाईला त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही स्वतःच्या लग्नात, अक्षता पडत असताना, लांबून. पण मेलेला माणूस चांगलाच असतो, हा आपल्याकडचा जुना कायदा आहे.

आता त्याच वेळी कृष्णाआत्या काय करत होती म्हणाल, तर श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राकाठच्या आपल्या वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होती आणि नारळ पाडणाऱ्या माकडांना शिव्या घालत होती. वय एकोणऐंशी, तब्येत ठणठणीत.

दमयंती काही जात्याच खोटारडी नव्हती. तिला खोटं बोलायला लावलं ते काशिरामच्या एका वाक्याने. काशिरामची भातशेती नव्या पनवेलात गेली, मोबदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, दारात दोन गाड्या आल्या. पण गाड्या आल्या म्हणून माणूस हलतो असं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेवढ्यात दमयंतीने एकवीरेच्या पायऱ्या पाहिल्या, जेजुरी पाहिली, शिर्डी पाहिली, आणि पनवेलपासून उरणपर्यंतचे झाडून सगळे मंगल कार्यालयांचे हॉल पाहिले. यापलीकडे कुठे जाऊया म्हटलं की काशिराम अगदी प्रामाणिकपणे विचारायचा, “कोन मेलाय थय?” त्यात राग नसायचा. माणूस घराबाहेर पडतो तो देवासाठी, लग्नासाठी नाहीतर मयतासाठी, अशी त्याची साधी समजूत होती.

दमयंतीने पुष्कळ विचार केला. देवाला जायचं तर सगळं घर मागे लागतं. लग्नाला जायचं तर पत्रिका दाखवावी लागते. उरलं काय?

आत्याच का, तर समुद्रावर राहणारं दुसरं कुणी तिच्या नात्यात नव्हतं. माहेरचं माणूसही आता उरलं नव्हतं, त्यामुळे कुणाकडे चौकशी होण्याची भीती नाही. बापाचं मिठागर होतं, म्हणून समुद्र म्हणजे चौकोनात कोंडलेलं पाणी, पायाच्या भेगांत झोंबणारं मीठ आणि गुडघाभर चिखल, एवढंच तिला ठाऊक. आत्या मात्र दर दिवाळीला फोनवर सांगायची, “आमचा दर्या येतो नि जातो गो. बघाला ये.” दमयंती म्हणायची, “येतंय, येतंय.” असं म्हणता म्हणता ती सत्तावन्न वर्षांची झाली. तिला ताजमहाल नको होता, विमान नको होतं. कुणाला जेवायला न वाढता चार दिवस समुद्रासमोर बसायचं होतं. हे मागणं तिने सात-आठदा सरळ मागून पाहिलं होतं. यंदा तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

तिची धाकटी जाऊ किशोरी हिचा नवरा उरणला बंदरात कामाला, पाळी सांभाळून येणारा-जाणारा. किशोरीने मोबाईलवर स्वस्तात कोकण फिरणाऱ्या चार पोरी पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाईला एसटीत अर्धं तिकीट, राहायला आत्याचं घर, खायला समुद्र. खर्च तो काय?

ठरल्याप्रमाणे किशोरी पदर तोंडाला लावून आत आली आणि इतकी भरपूर रडली की दमयंतीला तिला चिमटा काढावा लागला.

“मंग तुला जावाच लागंल,” काशिराम म्हणाला.

“चार दिस ऱ्हावा पन लागंल,” दमयंती म्हणाली. “सोमवारी दहावा हाय. तो करूनच येतंय. किशोरी येल सोबतीला. तुमी नका तरास घेव.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं. नुसती भेटायला जाते म्हणाली असती तर संध्याकाळी परत यावं लागलं असतं, म्हणून तिने दहावा काढला. पण आगरी माणसाला दहाव्याचा वार सांगणं म्हणजे आमंत्रण देणंच. लग्नाला नाही गेलं तरी चालतं, दहाव्याला नाही गेलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही, हे तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. नेमकं त्याच दिवशी विसरली. आनंदात माणूस विसरतो.

शुक्रवारी सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर दोघी जणी पडेल चेहऱ्याने उभ्या राहिल्या. गाडीत बसल्या तर दोन सीट पुढे गावातला बाळू. त्याला पळस्प्याला गॅरेजमध्ये जायचं होतं. त्याच्यासाठी दोघींनी पळस्प्यापर्यंत माना खाली घालून सुस्कारे सोडले. बाळू हात जोडून उतरला, गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली आणि किशोरीने पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बाहेर काढली. अख्ख्या गाडीने माना वळवल्या.

“किशोरे, सुतकात सुकट?”

“ताई, आत्या जिती हाय, मंग सुतक कसला?”

दमयंतीने भाकरी हातात घेतली, पण मोडली नाही. “आपुन तिला मारली गो. काय झालां बिलां तं?”

“उलटा हाय. मेल्याची खबर उठली का आयुष्य वाढतं. आपुन तिचेवर उपकार केल्यात.” हा युक्तिवाद दमयंतीला एवढा पटला की तिने दुसरी भाकरीही घेतली.

माणगाव, म्हसळा करत करत, रानातला घाट उतरत दुपारी गाडी पोचली. आत्या काठी टेकत फाट्यावर उभीच होती. “आल्याव का गो!” म्हणून तिने दमयंतीच्या पाठीत असा धपाटा घातला की मेल्या माणसाला तो शोभला नसता. आपण मेलोय हे अर्थातच तिला कुणी सांगितलं नाही.

मग जे तीन दिवस गेले, ते काय सांगावेत! शनिवारी समुद्रावर रापण लागली होती. रापणीचा दोर ओढायला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो. किशोरीने साडी खोचली आणि असा दोर ओढला की कोळ्यांनी तिला बांगडे दिले, वर मांदेली दिली आणि उद्या ये म्हणून सांगितलं. दमयंती पाण्यात जाऊन बसली. उभी राहिली नाही, फोटो काढला नाही, सरळ साडीसकट बसली. लाट यायची, तिला गळ्यापर्यंत भिजवायची, जायची. ती हसायची आणि मधेच रडायची. आत्या सुरूच्या सावलीत बसून ओरडायची, “अगो, वर सर, भरती हाय!” पण दमयंतीला त्या दिवशी कुणाचंच ऐकायचं नव्हतं.

रविवारी आत्याने दोघींना डोंगराच्या अंगाला देवाच्या रानात पाठवलं. तिथे कुऱ्हाड लावायची नाही असा गावाचा नेम, त्यामुळे भर दुपारी गार अंधार. वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत होतं. किशोरी ते बघत हिंडत राहिली आणि दमयंती पाचोळ्यावर आडवी झाली ती तासभर झोपली. जागी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की या तासाभरात तिला कुणी हाक मारली नाही. चहा मागितला नाही, चावी विचारली नाही, दार वाजवलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं तिला इतकं सुख झालं की स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी आत्या बांगड्याच्या कालवणाला खोबरं वाटत होती. दमयंतीचा फोन वाजला.

“आमी पलस्प्याला हाव,” काशिराम म्हणाला. मागून टेंपोचा हॉर्न, माणसांचा गलका. “बावीस मानसा हाव. टेंपो ट्रॅव्हलर केलाय. बारा-साडेबारापर्यंत पोचताव. थय जेवनाचा काय करू नको, आमी नाश्ता करून निंगालोय.”

“तुमी... तुमी कनाला येताव?” दमयंतीच्या तोंडातून एवढंच निघालं.

“कनाला म्हंजे? तुजे माहेराचा कोन उरला नाय. दहाव्याला तू एकली बसलीस तं लोक काय बोलतील? दमयंतीचे पाठी कोन हाय का नाय? सुमतीकाकी पन हाय संगती, रडाला.” आणि त्याने फोन ठेवला.

दमयंतीला पहिल्यांदा भीती वाटली आणि लगेच दुसऱ्यांदा, भीतीपेक्षा जास्त, वाईट वाटलं. तेहतीस वर्षांत जो माणूस तिच्यासाठी उठून पेणपर्यंत आला नाही, तो आज बावीस माणसं घेऊन निघाला होता, आणि तेही खोट्यासाठी. आता हे उघडं पडणार. भावकीसमोर पडणार. जिवंत आत्याला मारणारी म्हणून नाव होईल ते होईलच, पण यापुढे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाव काढायची सोय उरणार नव्हती. एकवीरासुद्धा गेली.

“कोन व्हता?” आत्याने विचारलं.

दमयंतीने सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. किशोरी पळून जायच्या बेतात दाराशी उभी होती.

आत्याने वाटणाचा हात थांबवला. मग म्हणाली, “बावीस?”

“हव, आत्ये. तू जरा शेजारी जावून बस. दोन तासांचा सवाल हाय. आमी रडून त्यांना परत धाडतंय.”

“माझे घरातशी मीच जाव? माझे दहाव्याला?” आत्या उठली, वाटण चुलीवरच्या कालवणात टाकलं, हात धुतले, पेटीतली इस्त्रीची साडी काढली. “मी आत माजघरात बसतंय. ती सुमती कोन, रडाला चांगली हाय का?”

“विचुंब्यात तिचेसारखी कोन नाय.”

“मंग ऐकतंय,” आत्या म्हणाली आणि माजघरात जाऊन, दार लोटून, आरामात बसली. तिचं मन वळवायला वेळ नव्हता. बांगड्याचा वास घरभर सुटलेला. किशोरीने कालवणाचं भांडं झाकून मागच्या न्हाणीत ठेवलं आणि अर्धा पुडा उदबत्त्या एकदम पेटवल्या.

टेंपो आला. दुखवट्याला जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून प्रत्येकाच्या हातात चहापावडर, साखर, बिस्किटांचे पुडे. पडवीत ढीग लागला. काशिराम सगळ्यांच्या पुढे. त्याने दमयंतीकडे बघून मान हलवली, म्हणजे मी आलोय हं. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मग त्याने नाक वर करून दोनदा वास घेतला, पण सुतकाच्या घरात असं काही विचारत नाहीत.

सुमतीकाकीने चपला काढल्या, पदर सावरला आणि गळा काढला.

“अगो माझे आत्ये गोऽऽ! कशी गेलीस गोऽऽ! सोन्यासारखी वाडी सोडून गेलीस गोऽऽ!”

बाकीच्या बायकांनी सूर धरला. सुमतीकाकीने आत्याला कधी पाहिलंही नव्हतं, पण तेवढ्यासाठी अडणारी ती बाई नव्हती. आत्याचा हात कसा सढळ होता, रूप कसं होतं, सुपारीच्या एकेका झाडाला तिने कसं पोटच्या पोरासारखं वाढवलं, सगळं पडवीत उभं केलं. पुरुषांनी डोळे पुसले. बाळूने तर नाक शिंकरलं. दमयंती आणि किशोरी खांबाला टेकून थरथरत होत्या, आणि लोकांना वाटलं दुःख अनावर झालंय.

“सासूचा छल सोसलास गोऽऽ! पन तोंडातशी सबूद नाय काढलास गोऽऽ!”

“छल मीच केला गो बाय,” माजघरातून आवाज आला. “सासू बिचारी गरीब व्हती.”

सुमतीकाकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दार करकरलं आणि कृष्णाआत्या इस्त्रीची साडी नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. “पानी घ्या. लांबशी आल्यात.”

बाळू पडवीवरून थेट अबोलीच्या वाफ्यात पडला आणि उठून टेंपोत शिरला. टेंपोचं दार आतून लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोघं-तिघं रामाचं नाव घेऊ लागले. काशिराम मात्र जागचा हलला नाही. त्याने आधी आत्याच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते, भुताचे असतात तसे उलटे नव्हते. मग त्याने हळूच मान फिरवून बायकोकडे पाहिलं.

दमयंतीने ते बघणं तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“जावयबापू, तिचेकडं काय बघताव?” आत्या मधे आली. “मीच तिला बोललंय, सांग मेली म्हनून. माझा मानूस गेला तवा तुमचे बाजूची दोन मानसा आली व्हती. त्याला एकतीस वर्सा झाली. जिती हाय म्हनून कोन आला? आज बघा. बावीस. खरी मरंन तवा एवढी येतील का नाय कोनाला म्हाईत, मंग आजच बघून घेतली.”

लोक ढिगातल्या बिस्किटांच्या पुड्यांकडे बघू लागले. सुमतीकाकीने पदराने डोळे पुसले, आणि या वेळी ते खरोखर ओले होते.

आत्या आपल्याला वाचवतेय हे दमयंतीला कळत होतं. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण तिला आत्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या तेहतीस वर्षांचा आला.

“आत्या खोटा बोलतेय,” ती म्हणाली. “तिला काय ठावूक नाय. मीच मारली तिला. मला दर्या बघाचा व्हता. चार दिस कोनाचा चहा न करता बसाचा व्हता. तुमाला किती येला सांगितलां? तुमी बोलताव, कोन मेलाय थय. मंग मी मारला. काय कराचा तो करा.”

काशिरामने ओरडावं तर भावकी ऐकतेय, आणि ओरडण्यासारखं त्याला काही सापडतही नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “टेंपोचा भाडा सगल्यांनी मिलून काढलाय. आता त्यांना काय सांगू?”

“सांगा, आत्याला बघाला आलोय,” दमयंती म्हणाली. “खराच हाय ना ता.”

तेवढ्यात सुमतीकाकीने विचारलं, “मंग मेला कोनीच नाय?”

“नाय.”

“मंग सुतक नाय. मघापासना वास येतोय, कालवन कसला हाय गो?”

बांगड्याचं कालवण न्हाणीतून सन्मानाने परत आलं. बावीस माणसांत ते बोट बुडवण्यापुरतं झालं, पण भाताच्या दोन पातेल्यांवर आत्याने ते निभावून नेलं. बाळूलाही टेंपोतून काढून जेवायला बसवलं. तो शेवटपर्यंत आत्याच्या हातचं पाणी प्यायला नाही, स्वतःच्या बाटलीतलं प्यायला. जेवणं होताच बायका समुद्राकडे गेल्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सुमतीकाकी पाण्यात पाय बुडवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि लाटेला शिव्या देत, हसत, पुढे पुढे जात राहिली.

चार वाजता टेंपोवाल्याने हॉर्न दिला. आत्या पडवीत बसून चहापावडरीचे पुडे रचत होती. “एवढा चहा मला मरंपरत पुरंल,” ती स्वतःशीच म्हणाली, “नि आता मी लवकर मरत पन नाय.”

काशिराम टेंपोच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला. दमयंती वाळूने भरलेल्या पायांनी समोर उभी होती. पिशवी तिच्या हातात नव्हती हे त्याने पाहिलं. तू चल असं तो म्हणेल आणि आपण जाऊ, अशी तिच्या मनाची अजून अर्धी तयारी होती. सवय सुटत नाही.

“कवा येशील?” काशिरामने विचारलं.

तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्याने तिला पहिल्यांदाच विचारला होता. तिने उत्तराला जरा वेळ घेतला, कारण तो वेळ तिला आवडला.

“गुरवारी,” ती म्हणाली. “तेरावा करून येतंय.”

“कोनाचा तेरावा?”

“जिचा दहावा करून निंगालाव, तिचाच.”

काशिरामने तोंड उघडलं, मिटलं, मान खाली घातली आणि खाली बघत बघत त्याला हसू फुटलं. ते बायकोला दिसू नये म्हणून तो घाईघाईने टेंपोत चढला. आत जाऊन त्याने मागे वळून पाहिलं, तर टेंपोत त्याच्यासकट तेराच माणसं होती, आणि त्या तेरांत बाई एकही नव्हती.